हातांचं काम : स्तोत्र 90 आणि केडगावच्या रमाबाई

आजचा शास्त्रपाठ : स्तोत्र 90 (सर्व 17 वचने)



हे स्तोत्र आपल्या कानांवर बहुतेक वेळा मयताच्या घरीच पडतं. अंगणात सतरंजी अंथरलेली असते, पाळक उभे राहून वाचतात, बायका पदर तोंडाला लावून बसलेल्या असतात. मोशेची प्रार्थना म्हणून हे स्तोत्र ओळखलं जातं. त्यात माणसाच्या आयुष्याला गवताची उपमा आहे, वर्षांचा हिशेब आहे. वाचन सहसा 12व्या वचनापाशी थांबतं, म्हणजे दिवस मोजायला शिकव अशी विनंती जिथे आहे तिथे. मग प्रार्थना होते, मग कुणीतरी चहा आणतं.

त्यामुळे शेवटचं 17वं वचन पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. सगळं आयुष्य सुकणारं गवत आहे असं सांगून झाल्यावर मोशे देवाकडे शेवटी काय मागतो, तर आमच्या हातांचं काम टिकव. आणि हे तो एकदा नाही, दोनदा मागतो. मला याचं नेहमी नवल वाटतं. जो माणूस म्हणतो की काहीच टिकत नाही, तोच हातांच्या कामाबद्दल हट्ट धरून बसतो.

आणि त्या लोकांच्या हातून रानात असं काय घडत होतं? दगडी वाडे नव्हते, किल्ले नव्हते. निर्गमाचा 35वा अध्याय काढून बघा. निवासमंडपासाठी बायकांनी आपल्या हातांनी सूत कातलं, बकऱ्यांचे केस कातले. बसालेल कारागीर होता, पण त्यानं जे उभं केलं ते तंबूच होतं. कापड, कातडी, लाकडी फळ्या, दोऱ्या. ढग हलला की सोडायचं, बांधायचं, पुढच्या मुक्कामी पुन्हा उभारायचं. ज्या बायकांनी ते सूत कातलं त्यांची पिढी रानातच संपली.

या वचनाचा अर्थ सांगणारी पुस्तकं आहेत, पण आज मला ती उघडायची नाहीत. आज 5 एप्रिल. 1922 साली याच तारखेला आपल्या दौंड तालुक्यात, केडगावला, पंडिता रमाबाईंचा अंत झाला. शिरूरहून न्हावरामार्गे भीमा ओलांडून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यानं आपण कितीदा जातो. दोन्ही बाजूंना ऊस, मधे गुऱ्हाळांचा धूर, आणि मग केडगाव. मुक्ती मिशन आपल्याला इतकं सवयीचं झालं आहे की त्या बाई कोण होत्या हे आठवावं लागतं. मला त्यांचं आयुष्य आज या एका वचनाच्या अंगानं सांगायचं आहे.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, सह्याद्रीच्या जंगलात गंगामूळ नावाच्या जागी. आता तो भाग कर्नाटकात येतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे पंडित. बायकोला संस्कृत शिकवण्याचं त्यांनी मनावर घेतलं आणि त्यापायी लोकांचा रोष ओढवून घेतला. ती लक्ष्मीबाई पुढे धाकट्या लेकीला स्वतः शिकवायची. यात्रेकरूंचा पाहुणचार, दानधर्म यांत घरची मालमत्ता गेली आणि कुटुंब पुराणिक होऊन गावोगाव फिरू लागलं. देवळात नाहीतर नदीच्या घाटावर बसायचं, पुराण वाचायचं, ऐकणारे जे देतील त्यावर जगायचं. रमाबाईंना लहान वयातच भागवताचे 18,000 श्लोक पाठ झाले होते म्हणतात. घर नव्हतं, जमीन नव्हती. जी काही संपत्ती होती ती डोक्यात होती.

मग 1874 च्या सुमाराला मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला.

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण रमाबाईंच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची गाठ इथेच बसली आहे असं मला वाटतं. दुष्काळात पुराण कोण ऐकणार? आणि ऐकलं तरी देणार काय? घरात पाचजण, सगळे विद्वान, पण कुणालाही हातानं चार पैसे मिळवता येतील असं एकही काम येत नव्हतं. मजुरी करायची तर कुळाचा अभिमान आडवा. भीक मागायची तरी तेच. अंगावरचं, घरातलं किडुकमिडुक विकून संपलं. शेवटी ते सगळे रानात गेले आणि पाला, पाणी, रानातला खजूर यावर दिवस काढले. वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं होतं. तेव्हा थोरला भाऊ श्रीनिवास पुढे झाला आणि आपण पडेल ते काम करू असं म्हणाला. पण वेळ निघून गेली होती. वडील गेले, थोड्याच दिवसांत आई गेली, मग थोरली बहीण कृष्णाबाई.

आईच्या अंत्ययात्रेची हकीकत प्रसिद्ध आहे. खांदा द्यायला चार माणसं मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण तयार झाले. तिसरा श्रीनिवास, चौथी सोळा-सतरा वर्षांची रमा. स्मशान तीन मैलांवर. तिची उंची कमी, त्यामुळे तिरडी खांद्यावर बसेना, म्हणून तिनं आपली बाजू डोक्यावर घेतली.

यापुढे बहीणभाऊ पायी उत्तरेकडे गेले. हिवाळ्यात झेलमच्या काठी अंगावर पुरेसं पांघरूण नव्हतं, तेव्हा वाळूत दोन खड्डे खणून, त्यात झोपून, अंगावर कोरडी वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. रमाबाईंनीच पुढे हे लिहून ठेवलं आहे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या घरची गोधडी आठवली. आई आपली जुनी लुगडी, वडिलांची विरलेली धोतरं थरावर थर घालून धावदोरा मारत बसायची. डिझाइन म्हणजे काय तर कडेनं आत आत येत जाणारे चौकोन, आणि मधे एखादं लाल ठिगळ. दहाएक वर्षांत तीही विरायची. मग तीच दुसऱ्या गोधडीत आतला थर होऊन जायची. ज्यांना 18,000 श्लोक येत होते त्यांना त्या वाळवंटात एवढी एक वस्तू करता आली असती तर, असा विचार माझ्या मनात येतोच.

1878 मध्ये दोघं कलकत्त्याला पोचले आणि एकदम नशीब पालटलं. तिथल्या विद्वानांनी तिची परीक्षा घेतली, पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. वीस वर्षांची मुलगी, अंगावर धड वस्त्र नाही, आणि सभेत संस्कृतात बोलते! वर्तमानपत्रांतून नाव झालं. पण हे सुखही थोडकंच. 1880 मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी तिनं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. प्रांत वेगळा, जात वेगळी. 16 एप्रिल 1881 ला मनोरमा जन्मली. आणि 4 फेब्रुवारी 1882 ला पटकीनं नवरा गेला. लग्नाला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती.

24 व्या वर्षाच्या आत या बाईनं आई, बाप, बहीण, भाऊ आणि नवरा पोचवले. स्तोत्र 90 तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पुढची काही वर्षं मी भराभर सांगते, कारण ती तुम्हाला शाळेच्या पुस्तकांतून माहीत असतील. पुण्यात आर्य महिला समाज. हंटर कमिशनपुढे साक्ष. 1883 मध्ये इंग्लंड, तिथे वाँटेजला त्याच वर्षी मुलीसह बाप्तिस्मा. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण कानांनी साथ दिली नाही, ऐकू कमी येत असे. मग चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकणं आणि शिकवणं. 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला म्हणून अमेरिकेत, फिलाडेल्फियाला गेल्या आणि दोन-अडीच वर्षं तिकडेच राहिल्या.

अमेरिकेतल्या त्यांच्या भाषणांबद्दल आणि हिंदू स्त्रियांवरच्या पुस्तकाबद्दल सगळेच लिहितात. मला मात्र त्यांनी तिथे केलेला एक वेगळाच उद्योग महत्त्वाचा वाटतो. ही संस्कृतची पंडिता लहान मुलांच्या किंडरगार्टनची पद्धत शिकत बसली. जर्मनीच्या फ्रोबेलनं ती पद्धत बसवलेली. लोकरीचे रंगीत चेंडू, लाकडी ठोकळे, कागदाच्या पट्ट्या एकमेकींत विणणं, घड्या घालणं, मातीच्या वस्तू करणं. मुलानं पाठ करण्याआधी हातानं करून बघावं हा त्यामागचा विचार. आता बघा, जिचं सगळं बालपण पाठांतरात गेलं आणि त्या पाठांतरानं जिच्या आईबापांना दुष्काळात तारलं नाही, तिला ही पद्धत भावली यात नवल नाही. मराठीतून असं शिक्षण द्यायचं हे त्या तिथूनच ठरवून आल्या.

11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. विधवांना शिकून स्वतःच्या पायावर उभं करायचं हा हेतू. गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, इथल्याच विद्यार्थिनी. 1893 मध्ये धर्मांतराच्या संशयावरून मोठं वादळ झालं, सल्लागार मंडळातली मोठी मंडळी बाजूला झाली, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात कोण किती चूक होतं यावर अजून लिहिलं जातं. मला एवढंच दिसतं की चार वर्षं जमवलेलं पुन्हा विस्कटलं.

अमेरिकेतल्या मंडळींनी मदतीचं वचन दिलं होतं ते दहा वर्षांचं. ती मुदत संपल्यावर काय, याची काळजी रमाबाईंना आधीपासून होती. म्हणून त्यांनी केडगावला शंभर एकर जमीन घेतली. मद्रासकडे जाणाऱ्या रेल्वेच्या कडेला, माळरान, पाण्याची वानवा. विहिरी खणल्या, फळझाडं लावली. फळं विकून सदनाचा खर्च चालेल असा हिशेब.

झाडं मोठी व्हायच्या आत 1896-97 चा दुष्काळ आला. या वेळी मध्य प्रांतात. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. आपलं सगळं बालपण त्यांना पुन्हा डोळ्यांसमोर दिसलं असणार. सुमारे 300 मुली आणि तरुण विधवा त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग होता, शहरात इतक्या जणींना ठेवायची परवानगी मिळेना, म्हणून सगळ्यांना केडगावच्या माळावर नेलं. आधी झोपड्या, तात्पुरत्या शेडा. नाव ठेवलं मुक्ती. 1900 मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तिथूनही मुली आणल्या, आणि मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या जवळ गेली.

विचार करा, दोन हजार. आजही आपल्या भागात कितीतरी गावं याहून लहान आहेत.

यातल्या कितीतरी मुली हाडांचा सापळा होऊन आल्या होत्या. काही जगल्या नाहीत. ज्या जगल्या त्यांना अक्षरओळख दिलीच, पण जोडीला प्रत्येकीला हाताचं काहीतरी काम शिकवलं. इथेच मला त्या पाचजणांचं रानातलं उपाशी कुटुंब आठवतं. मुक्तीत माग आले, मुली सूत भरायला, धोटा फेकायला शिकल्या. शिवण, भरतकाम, कापड रंगवणं. टोपल्या, चटया. तेलाचा घाणा, गोठा, भट्टी, धुलाई. भांड्यांना कल्हई लावणंसुद्धा. ज्या कामांना घरंदाज बायकांनी हात लावू नये असं मानलं जाई, ती कामं ब्राह्मण विधवा आणि दुष्काळातून आलेली कुणाची कोण पोरगी शेजारी बसून करत होत्या.

हे फार गोड करून सांगायला मला आवडत नाही. शिस्त कडक होती, काम भरपूर होतं, आणि दोन हजार जणींचं पोट भरायचं तर ते असणारच. पण दुष्काळानं जिचं घरदार खाल्लं, जिच्यासमोर भावंडं मेली, अशा दहा-बारा वर्षांच्या मुलीला दुःख सांगायलाही शब्द नसतात. तिच्यासमोर वेताची कांब ठेवली आणि एकाखाली एक, एकावर एक अशी विणायला दाखवली, तर संध्याकाळी तिच्या हातात एक गोल वस्तू असते जी सकाळी नव्हती. तिच्या आयुष्यात बऱ्याच दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी नाहीसं होण्याऐवजी नव्यानं झालेलं असतं. ती टोपली भाजी वाहून वाहून वर्षा-दोन वर्षांत मोडणार, चुलीत जाणार. मोडली की ती दुसरी विणणार. दुष्काळ तिच्याकडून टोपली नेऊ शकतो. विणणं नेणं त्याला थोडं अवघड जातं.

अंध मुलींसाठी बार्तीमी सदन होतं. शुभवर्तमानातला तो यरीहोच्या वाटेवरचा आंधळा भिकारी बार्तीमय, त्याच्यावरून नाव. मनोरमा अमेरिकेत शिकायला गेली होती. तिकडून ती ब्रेल लिपी शिकून आली आणि या मुलींना बोटांनी वाचायला शिकवू लागली. त्याच बोटांनी त्या टोपल्या आणि चटया विणत. बार्तीमय वाटेच्या कडेला भीक मागत बसलेला होता, त्याच्या नावाच्या घरात मात्र कुणी रिकाम्या हातानं बसत नव्हतं. हे नाव कुणी सुचवलं असेल देव जाणे, पण त्या नेमकेपणाची मला गंमत वाटते.

आपल्या मंडळ्यांमध्ये रमाबाईंचं नाव निघालं की 1905 चं मुक्तीतलं संजीवन सांगितलं जातं. तासन्‌तास चाललेल्या प्रार्थना, रडणं, पापकबुली. ते खरंच आहे आणि मोठं आहे. पण मला वाटतं की प्रार्थनेला बसलेल्या मुलींच्या बोटांना सकाळच्या सुताचे काप पडलेले होते, हेही त्यासोबत सांगावं.

याच सुमाराला रमाबाईंनी स्वतःसाठी एक काम काढलं. पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर. मराठी बायबल होतंच, पण त्याची भाषा संस्कृतप्रचुर, खेड्यातल्या बाईला कळायला जड असं त्यांचं मत. संस्कृतात पदव्या मिळवलेल्या बाईनं संस्कृत शब्द गाळायला बसावं! त्यासाठी पन्नाशीच्या आसपास त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतलं. जवळजवळ अठरा वर्षं हे काम चाललं, संस्थेचा सगळा व्याप सांभाळून.

आणि छापलं कुणी? मुक्तीच्याच छापखान्यात, मुक्तीच्याच बायकांनी. जुन्या खिळ्यांच्या छपाईचं काम ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल. देवनागरीला नुसती अक्षरं पुरत नाहीत. जोडाक्षरं, काना, मात्रा, वेलांट्या धरून शेकडो प्रकारचे खिळे लागतात, प्रत्येकाचा खण वेगळा. एक एक खिळा उचलून ओळ जुळवायची, तीही उलटी वाचत. ओळींचं पान करायचं, प्रूफ काढायचं, चुका दुरुस्त करायच्या, मग छापायचं. आणि छापून झालं की ते जुळवलेलं पान तसंच ठेवून चालत नाही, कारण पुढच्या पानाला तेच खिळे लागतात. म्हणून सगळं सुटं करून प्रत्येक खिळा पुन्हा आपल्या खणात टाकायचा. दारातली रांगोळी आपण सकाळी घालतो आणि दुसऱ्या दिवशी हातानं पुसून नवी घालतो, तसंच म्हणा ना. दुष्काळातून आलेल्या, आधी अक्षरही न ओळखणाऱ्या बायकांनी उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत प्रत्येक पान असं जुळवलं आणि मोडलं. स्तोत्र 90 चं पानही त्यातच आलं.

1921 च्या जुलैत मनोरमा गेली. चाळीस वर्षांची होती. आईनंतर मुक्तीचा कारभार तिनंच बघायचा असं सगळे धरून चालले होते. रमाबाईंच्या रक्ताचं आता कुणी उरलं नाही. मला वाटतं, माणूस इथे काम खाली ठेवतो, आणि ठेवलं असतं तरी कुणी नावं ठेवली नसती. त्या प्रुफं तपासत राहिल्या. मुक्तीत अशी आठवण सांगतात की शेवटच्या दुखण्यात त्यांनी देवाजवळ आणखी दहा दिवस मागितले, उरलेली प्रुफं संपावीत म्हणून, आणि ती संपली तेव्हाच त्यांचे डोळे मिटले. 5 एप्रिल 1922 हा तो दिवस. मुलीच्या पाठोपाठ नऊ महिन्यांच्या आत. संपूर्ण बायबल छापून बाहेर आलं 1924 मध्ये, ते त्यांनी पाहिलं नाही.

आता जे सांगायचं ते जरा अवघड आहे. ते भाषांतर चाललं नाही. मूळ भाषेला फार चिकटून केलेलं, त्यामुळे वाक्यं मराठीत अडखळतात. मंडळ्यांमधून बायबल सोसायटीचं भाषांतरच वाचलं जात राहिलं. आज तुमच्या-माझ्या हातात आहे ते रमाबाईंचं नाही. ज्या खेडवळ बाईसाठी त्यांनी अठरा वर्षं घातली, तिच्या नातीनं बहुधा ते पाहिलेलंही नाही. अभ्यासक बघतात, ग्रंथालयात प्रती आहेत. मागावरची कापडं फाटली, टोपल्या चुलीत गेल्या, आणि हे पुस्तकही जवळजवळ त्याच वाटेनं गेलं.

मग मोशेनं दोनदा केलेली ती मागणी या बाईच्या बाबतीत देवानं ऐकली की नाही?

मी हा प्रश्न बरेच दिवस मनात घेऊन आहे. संस्था अजून उभी आहे, केडगावला आजही मुली आणि बायका तिथे आसऱ्याला येतात, म्हणून ऐकली, असं म्हणता येईल. ते खोटं नाही. पण फक्त इमारत टिकली म्हणून उत्तर द्यायचं तर मग जी कामं बुडाली त्यांचं काय? आपल्यातल्या बहुतेकांचं काम बुडणारंच आहे. आज केलेली भाकरी रात्रीपर्यंत राहत नाही.

स्तोत्रात पुन्हा बघते तेव्हा एक गोष्ट दिसते. मोशे तिथे कामाची यादी देत नाही. हा तंबू टिकव, तो कोश टिकव असं म्हणत नाही. हातांचं काम, एवढंच. निवासमंडपाचं ते कातलेलं सूत कधीच कुजलं. पण ढग हलला की सगळं सोडून पुढे जाणाऱ्या त्या लोकांमध्ये, पुढच्या मुक्कामी पुन्हा उभारणारे हात होते आणि त्यांच्या शेजारी ते बघून शिकणारे धाकटे हात होते. टिकली ती कातायची रीत. रमाबाईंच्या घरी दुष्काळात नेमकं हेच नव्हतं. विद्या अफाट होती आणि ती पाठही होती, पण एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात देता येईल असं काही नव्हतं. मुक्तीत त्यांनी ते आणलं. माग चालवायला शिकलेली मुलगी पुढच्या दुष्काळातल्या मुलीला शेजारी बसवून शिकवत होती. खिळे जुळवायला शिकलेली नवीन आलेलीला खण दाखवत होती.

हा माझा अर्थ झाला. पाळकांना पटेल न पटेल. कुणाला वेगळं सुचलं तर मला जरूर कळवा.

एक राहिलं. रमाबाईंना केडगावलाच मातीत ठेवलं आहे. ज्या मुलीनं झेलमच्या काठी वाळूत खड्डा करून रात्र काढली होती, तिच्याभोवती आता स्वतः खणलेल्या विहिरींचा, स्वतः लावलेल्या झाडांचा मळा आहे. त्या रस्त्यानं या आठवड्यात कुणी जाणार असेल तर थोडं आत वळून या. येताना चौफुल्याला चहा घ्या आणि उरलेलं स्तोत्र, 13 ते 17, मोठ्यानं वाचा. गाडीत सोबत पोरंबाळं असतील तर त्यांनाच वाचायला द्या.

उद्याचा शास्त्रपाठ : स्तोत्र 91